एका आकड्याची चिकित्सा : दूर पल्ल्याच्या गोळीचा क्षेपणगुणांक, त्याचे मापन आणि तुलना

गोषवारा :
दूर पल्ल्याच्या रायफलीच्या गोळीची गुणवत्ता आज प्रामुख्याने एका आकड्याने सांगितली जाते. हा आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट, अर्थात क्षेपणगुणांक. गोळीचे वजन किंवा व्यास हे जसे तिचे स्वतःचे गुणधर्म आहेत, तसाच हा आकडाही तिचा अंगभूत गुणधर्म आहे, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. गुणांकाची संकल्पना कशी घडली, तो मोजण्याच्या पद्धती कोणत्या, त्यात चुका कोठे शिरतात आणि दोन गोळ्यांची तुलना कोणत्या अटींवर न्याय्य ठरते, याचा विचार मावळातील बेगडेवाडीच्या हवामानाचे उदाहरण घेऊन येथे मांडला आहे.

१. प्रस्तावना :

सिएरा या अमेरिकी कंपनीची ०.३०८ इंच व्यासाची आणि १७५ ग्रेन वजनाची 'मॅचकिंग' ही गोळी दूर पल्ल्याच्या नेमबाजीत सर्वपरिचित आहे. एका तक्त्यात तिचा क्षेपणगुणांक ०.५०५ असा आढळतो, तर दुसऱ्या तक्त्यात ०.२४३. गोळी तीच, वजन तेच, व्यास तोच. तरीही एक आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा. यांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. दोन्हींच्या मागे निरनिराळी 'प्रमाण गोळी' गृहीत धरलेली आहे, एवढाच फरक. परंतु तक्ता वाचणाऱ्या सामान्य ग्राहकाला, किंबहुना पुष्कळदा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही, हे गृहीतक दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो, आणि मोठा आकडा म्हणजे चांगली गोळी असा सरळ निष्कर्ष तो काढतो.

हा प्रश्न केवळ परदेशी नेमबाजांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. लोणावळा-पुणे लोहमार्गावर घोरावाडी आणि देहूरोड यांच्या दरम्यान बेगडेवाडी हे लहानसे स्थानक आहे. तेथून लोकलने पुण्याकडे निघाल्यास पहिले स्थानक देहूरोडचे. तेथे लष्करी छावणी आणि आयुध निर्माणी आहे. पुढे खडकीला १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना लागतो. पाषाण येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली आयुध संशोधन व विकास संस्था आहे, आणि गिरीनगर येथे प्रगत तंत्रज्ञानाची संरक्षण संस्था शस्त्रास्त्रविद्येचे उच्च शिक्षण देते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन जी सात सरकारी महामंडळे निर्माण झाली, त्यांपैकी दारूगोळ्याचे काम पाहणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालयही पुण्यातच आहे. गोळी बनविणे, तपासणे आणि तिचे शास्त्र शिकविणे ही तिन्ही कामे या एकाच पट्ट्यात चालतात. असे असूनही या शास्त्रातील सर्वांत प्रचलित आकड्याची मराठीतून चिकित्सा क्वचितच होते.

२. संकल्पनेची घडण :

नळीतून सुटलेल्या गोळीवर दोन गोष्टी कार्य करतात : गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध. गुरुत्वाकर्षण सर्व गोळ्यांना सारखेच खाली ओढते. त्यामुळे दोन गोळ्यांच्या मार्गात जो फरक पडतो तो, मुखवेग समान असल्यास, जवळजवळ सर्वस्वी वायुरोधामुळे. हा रोध किती प्रचंड असतो याची पहिली प्रायोगिक जाणीव बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने करून दिली. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने क्षेपणलंबकाचे वर्णन केले. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी घुसवायची आणि ठोकळा किती झुलला यावरून तिचा वेग काढायचा, अशी ही साधी पद्धत. बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर असे वेग मोजल्यावर हवा गोळीचा वेग किती झपाट्याने खाते हे स्पष्ट झाले. तोफगोळ्याचा मार्ग हा शुद्ध परवलय असतो, ही पाठ्यपुस्तकी कल्पना त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस बॅशफोर्थ या गणिती धर्मोपदेशकाने इंग्लंडमध्ये मार्गावर ओळीने पडदे उभारून, प्रत्येक पडदा फाटल्याच्या क्षणाची विद्युत नोंद घेणारे यंत्र बनविले. याच काळात फ्रान्समध्ये गाव्र येथे आणि जर्मनीत क्रुप कंपनीच्या मेपेन येथील मैदानावर तोफगोळ्यांच्या विस्तृत चाचण्या झाल्या. त्या नोंदींवरून वेग आणि रोध यांचा संबंध दाखविणारे कोष्टक तयार झाले. इटलीच्या फ्रांचेस्को सिआचीने १८८० च्या सुमारास असे गणित मांडले की, एका प्रमाण गोळ्याचे कोष्टक एकदा तयार असेल, तर इतर कोणत्याही गोळ्याचा मार्ग त्याच कोष्टकावरून केवळ एक गुणक वापरून काढता यावा. हाच तो क्षेपणगुणांक.

त्याची व्याख्या सोपी आहे. गोळीचे पौंडातील वजन भागिले तिच्या इंचातील व्यासाचा वर्ग, ही झाली छेदीय घनता. तिला आकारगुणकाने भागले की क्षेपणगुणांक मिळतो. आकारगुणक म्हणजे प्रस्तुत गोळीचा रोधगुणांक आणि प्रमाण गोळीचा रोधगुणांक यांचे गुणोत्तर. वर उल्लेखिलेल्या १७५ ग्रेनच्या गोळीची छेदीय घनता सुमारे ०.२६४ येते. हा खराखुरा अंगभूत गुणधर्म होय. तराजू आणि मायक्रोमीटर यांनी तो कोणालाही पडताळता येतो. वादाचे मूळ आहे ते आकारगुणकात, कारण तो गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तराला दुसरी बाजू असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. सिआचीच्या काळी हाताने गणित करणाऱ्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याचे श्रम वाचविण्यासाठी ही युक्ती योजली गेली. ती गणिताची सोय होती. निसर्गाचा नियम नव्हे. सोयीचे रूपांतर गुणधर्मात कसे झाले हा या चिकित्सेचा पहिला प्रश्न आहे.

३. प्रमाण गोळीचा प्रश्न :

आज सर्वाधिक वापरात असलेली 'जी-१' ही प्रमाण गोळी एकोणिसाव्या शतकातील तोफगोळ्याच्या घडणीची आहे : बूड सपाट, नाक आखूड आणि बोथटसर. याउलट आधुनिक दूर पल्ल्याची गोळी लांब, सुईसारख्या नाकाची असते आणि तिची शेपटी होडीच्या मागच्या भागासारखी निमुळती होत जाते. या दोन आकारांचा रोध वेगानुसार एकाच प्रमाणात बदलत नाही. परिणामी गोळीचा वेग जसजसा कमी होतो तसतसा तिचा जी-१ गुणांकही बदलत जातो.

याचे उत्तम उदाहरण सिएराच्याच १६८ ग्रेनच्या 'मॅचकिंग' गोळीचे आहे. कंपनीने तिच्यासाठी एक नव्हे, चार आकडे प्रसिद्ध केले. सेकंदाला २६०० फुटांहून अधिक वेगाला ०.४६२, २६०० ते २१०० फुटांच्या टप्प्यात ०.४४७, २१०० ते १६०० फुटांच्या टप्प्यात ०.४२४, आणि त्याखाली ०.४०५. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात १२ टक्क्यांहून अधिक घट आहे. उड्डाणादरम्यान गोळीचे वजन घटले नाही, आकारही बदलला नाही. बदलली ती केवळ तुलनेची दुसरी बाजू. टप्प्यांनुसार आकडे देण्याचा हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय आहे. तथापि जाहिरातीत, दुकानाच्या फळीवर आणि चर्चेत मात्र या चारांपैकी पहिला आणि सर्वांत मोठा आकडाच उरतो.

१७५ ग्रेनच्या गोळीबाबतही तेच दिसते. ०.५०५ हा आकडा सेकंदाला २८०० फुटांच्या वरच्या वेगासाठी आहे. ७.६२ मि.मी.च्या नाटो काडतुसातून ही गोळी साधारणतः २६०० फुटांच्या आसपास सुटते. म्हणजे ज्या वेगासाठी ठळक आकडा दिला आहे तो वेग त्या रायफलीत गोळीला बहुधा लाभतच नाही. तिला लागू पडणारा आकडा ०.४९६ आहे आणि वेग १८०० फुटांखाली गेल्यावर ०.४८५. फरक लहान आहे, परंतु त्याची दिशा नेहमी एकच, म्हणजे विक्रेत्याच्या फायद्याची असते.

या दोषावर 'जी-७' ही प्रमाण गोळी हा तुलनेने चांगला उपाय ठरला. तिचे नाक लांब असून शेपटी ७.५ अंशांनी निमुळती होते. म्हणजे ती आधुनिक गोळीच्या कुळातलीच आहे. त्यामुळे वेग बदलला तरी गुणांक बराचसा स्थिर राहतो. ब्रायन लिट्झ या वायुगतिकीच्या अभियंत्याने २००९ च्या आपल्या ग्रंथात अनेक कंपन्यांच्या गोळ्या स्वतः मोजून जी-७ चे आकडे एकत्र दिले, आणि त्यानंतर ही पद्धत रूढ झाली. या मापनात १७५ ग्रेनची गोळी ०.२४३ वर, तर १६८ ग्रेनची ०.२१८ वर आली. छेदीय घनतेला या आकड्यांनी भागले असता आकारगुणक अनुक्रमे १.०८ आणि १.१६ येतात. दोन गोळ्यांतील खरा भेद येथे उघड होतो. वजनातील फरक अवघा चार टक्क्यांचा; उरलेला फरक घडणीचा. १६८ ग्रेनच्या गोळीची शेपटी सुमारे १३ अंशांनी, म्हणजे अधिक तीव्रतेने निमुळती होते, तर १७५ ग्रेनच्या गोळीची सुमारे ९ अंशांनी. ध्वनिवेगाच्या जवळ येताना पहिली गोळी डळमळते, हा नेमबाजांचा जुना अनुभव या घडणीशी निगडित आहे. गुणांकाचा एकटा आकडा ही डळमळ सांगत नाही.

जी-७ हा सुधारित उपाय असला तरी तो अखेरचा नव्हे. ध्वनिवेगाच्या वर-खाली होण्याच्या टप्प्यात प्रत्येक गोळीची रोधरेषा आपली स्वतःची वळणे घेते. कोणतीही एकच प्रमाण गोळी सर्वांना पुरत नाही.

४. मापनाच्या पद्धती आणि त्यांतील चुका :

क्षेपणगुणांक मोजण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिली, दोन ठिकाणी वेग मोजण्याची. दुसरी, उड्डाणकाळ मोजण्याची. आणि तिसरी, डॉप्लर रडारची. रोध थेट मोजता येत नाही, तो वेगाच्या घटीवरून काढावा लागतो, ही अडचण तिन्हींत समान आहे.

पहिल्या पद्धतीत नळीजवळ एक आणि ठरावीक अंतरावर दुसरा क्रोनोग्राफ ठेवतात. ही पद्धत स्वस्त असल्याने सर्वाधिक वापरली जाते, आणि सर्वाधिक फसवीही हीच आहे. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने सुटली, तर पहिल्या १०० मीटरांत तिचा वेग ढोबळमानाने ५५ मीटरने घटतो. गुणांक निघतो तो या ५५ वरून, ७९० वरून नव्हे. प्रत्येक क्रोनोग्राफमध्ये केवळ ०.३ टक्के चूक धरली, तर ती सुमारे २.४ मीटर होते. दोन्ही यंत्रांची चूक विरुद्ध दिशेला गेली, तर वेगघटीत जवळपास पाच मीटरची आणि गुणांकात आठ ते नऊ टक्क्यांची चूक पडते. वेग मोजण्यात उत्कृष्ट ठरणारे यंत्र गुणांक मोजण्यात सुमार ठरते ते असे. दोन मोठ्या संख्यांच्या लहान वजाबाकीवर विसंबू नये, हा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाचा धडा येथे विसरला जातो.

याच संदर्भात अनेक तक्त्यांत गुणांक दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिलेला असतो, हे लक्षणीय आहे. तिसरे स्थळ अर्थपूर्ण असायचे तर मापनाची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आत असावी लागते. शेकडा पाच-आठ चुकणाऱ्या पद्धतीने काढलेल्या आकड्याला तिसरे स्थळ देणे म्हणजे सुताराच्या पट्टीने मोजून मायक्रोमीटरची भाषा बोलणे होय.

दुसऱ्या पद्धतीत मुखवेग एकदा मोजतात आणि मग दूरवरच्या बिंदूंपर्यंत पोहोचायला गोळीला किती वेळ लागतो ते पाहतात. ध्वनीहून वेगवान गोळीबरोबर आघाततरंग चालतो. मार्गालगत ठेवलेले ध्वनिग्राहक तो टिपतात. १००० यार्ड अंतर कापायला वरील गोळीला सुमारे १.७ सेकंद लागतात. हवा नसती तर १.१५ सेकंद लागले असते. हा अर्ध्या सेकंदाहून अधिकचा उशीर म्हणजेच रोधाची नोंद. हजारांश सेकंदापर्यंत वेळ मोजणे आज कठीण नसल्याने आणि उशीर मोठा असल्याने मुखवेगातील तीच ०.३ टक्क्यांची चूक येथे गुणांकात एक टक्क्याच्या आसपासच उतरते. या पद्धतीची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागते. तिला लांब मैदान हवे, ध्वनिग्राहकांची अंतरे काटेकोर हवीत, गोळी ग्राहकाच्या किती जवळून गेली याचा हिशेब हवा आणि वारा शांत हवा.

तिसरी पद्धत डॉप्लर रडारची. रडार गोळीचा वेग उड्डाणभर अखंड नोंदविते, त्यामुळे एक गुणांक न मिळता संपूर्ण रोधरेषा मिळते. या पद्धतीचे सामर्थ्य २०१५ मध्ये ठळकपणे दिसले. हॉर्नडी या कंपनीने रडारने आपल्या गोळ्यांचा मागोवा घेतला असता काही गोळ्यांचा रोध उड्डाणादरम्यान अनपेक्षितपणे वाढलेला आढळला. हवेच्या घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्यांच्या नाकावरचे प्लॅस्टिकचे टोक मऊ होऊन विरूप होत होते. कंपनीने हे स्वतः जाहीर केले आणि उष्णता सहन करणाऱ्या टोकाच्या नव्या गोळ्या बाजारात आणल्या. आखूड अंतरावर दोन क्रोनोग्राफ ठेवून काढलेल्या आकड्यात हा दोष वर्षानुवर्षे दिसणे शक्यच नव्हते. गोळीचा आकार उड्डाणात बदलत नाही हे गृहीतकच तेथे चुकत होते.

तरीही रडार म्हणजे अंतिम सत्य नव्हे. रडार वेग देते. रोध काढण्यासाठी त्या वेगाचे विकलन करावे लागते, आणि विकलनात लहान कंपने मोठी होतात. ती गुळगुळीत करण्यासाठी कोणती गणिती चाळणी लावली यावर रेषेचा आकार काही अंशी अवलंबून राहतो. गेल्या दशकात सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आलेली छोटी रडारे तर पहिल्या शंभरेक मीटरपर्यंतच गोळीचा पाठलाग करतात. पुढील नऊशे मीटरांबद्दल ती जे सांगतात ते मापन नसून अनुमान असते.

या तिन्हींखेरीज एक चौथी, अनौपचारिक पद्धत प्रचारात आहे. लक्ष्यावर गोळी किती खाली लागली ते पाहायचे आणि संगणकातील गुणांक त्याच्याशी जुळेपर्यंत कमी-जास्त करायचा. व्यवहारात ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु असा जुळविलेला गुणांक हा गोळीचा राहत नाही. दुर्बिणीच्या खटक्यातील चूक, मुखवेगाची चूक, चढत्या वाऱ्याचा परिणाम असे सर्व काही त्यात मुरलेले असते. उत्तर आधी ठरवून गणित मागाहून जमविल्यावर त्या गणिताला मापन म्हणता येत नाही.

५. हवेचा हिशेब : बेगडेवाडीचे उदाहरण :

रोध जसा गोळीवर अवलंबून असतो तसा हवेच्या घनतेवरही. म्हणून प्रत्येक प्रसिद्ध गुणांक एखाद्या प्रमाण वातावरणाला बांधलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस आणि घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरतात. अमेरिकी लष्कराच्या जुन्या प्रमाण वातावरणात दाब किंचित कमी आणि आर्द्रता ७८ टक्के धरली जाई. दोहोंतील घनतेचा फरक दोन टक्क्यांच्या आत आहे. तक्त्यात कोणते वातावरण गृहीत धरले आहे हे न सांगता दिलेल्या दोन आकड्यांची तुलना येथेच दोन टक्क्यांनी लंगडी होते.

तथापि स्थानिक हवेपुढे हा फरक नगण्य आहे. बेगडेवाडी आणि तिच्या आसपासचा मावळाचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीला हवेचा प्रमाण दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल असतो. जानेवारीतील पहाटे १२ अंश तापमान धरले तर घनता १.१५ येते. मे महिन्यातील दुपारी ३८ अंश धरले तर ती १.०६ पर्यंत उतरते. जुलैत २५ अंश आणि हवा बाष्पाने पूर्ण भरलेली धरली तर ती १.०९ येते. घाटमाथ्याजवळच्या पावसाळी हवेत गोळी 'जड हवेतून' जाते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बाष्प हे कोरड्या हवेहून हलके असल्याने आर्द्रता घनता कमी करते, आणि तेही जेमतेम एक-सव्वा टक्क्याने. खरा परिणाम उंचीचा आणि तापमानाचा असतो.

आता असे समजू की ०.२४३ हा खरा गुणांक असलेली गोळी मे महिन्यातील दुपारी या परिसरातील हवेत मोजली आणि घनतेची दुरुस्ती करावयाची राहिली. हवा विरळ, म्हणून वेगघट कमी, म्हणून गुणांक वाढलेला दिसेल : सुमारे ०.२८१. जानेवारीच्या पहाटे तीच चूक केली तर आकडा ०.२५९ च्या आसपास येईल. एकाच गोळीच्या दोन ऋतूंतील आकड्यांत ०.०२२ चा फरक. आणि वर पाहिलेल्या १६८ व १७५ ग्रेनच्या दोन भिन्न गोळ्यांतील खरा फरक ०.०२५ चा. म्हणजे दुरुस्ती न करता एक गोळी हिवाळ्यात आणि दुसरी उन्हाळ्यात मोजली तर कमी प्रतीची गोळी चांगल्या गोळीच्या पंक्तीला जाऊन बसू शकते. यात कोणाचीही लबाडी असण्याची गरज नाही. थर्मामीटर आणि वायुभारमापक यांची नोंद राहून गेली एवढे पुरेसे आहे.

तापमानाचा आणखी एक परिणाम ध्वनिवेगावर होतो. १२ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३८ मीटर, तर ३८ अंशांना ३५४ मीटर असतो. त्यामुळे गोळी डळमळण्याचा टप्पा उन्हाळ्यात थोड्या अधिक वेगालाच सुरू होतो. मात्र विरळ हवेमुळे त्या वेगापर्यंत घसरायला तिला अधिक अंतर लागते. हे दोन परिणाम परस्परविरोधी आहेत, आणि कोणताही एकच आकडा ते दोन्ही पोटात घेऊ शकत नाही.

रायफलीची नळीही या हिशेबात येते. नळीतील आट्यांची गिरकी पुरेशी जलद नसेल, तर गोळी किंचित झोके घेत जाते, तिचा रोध वाढतो आणि त्याच गोळीचा गुणांक काही टक्क्यांनी कमी भरतो. तेव्हा आकडा केवळ गोळीचा नव्हे. तो गोळी, नळी, हवा आणि मोजणारी रीत या चौघांचा मिळून असतो.

६. तुलनेचे निकष :

येथवरच्या विवेचनावरून गुणांक निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १००० यार्डांवर गुणांकातील पाच टक्क्यांची चूक गोळीच्या घसरणीत फूटभराच्या आसपास फरक पाडते. अमेरिकी पद्धतीच्या १००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ २० इंच व्यासाचे, म्हणजे केंद्रापासून दहा इंचांचे असते. हे लक्षात घेतले तर आकड्याचे महत्त्व पटते. प्रश्न आकडा हवा की नको हा नसून, तो कोणत्या अटींवर तुलनायोग्य होतो हा आहे.

सर्वांत विश्वासार्ह तुलना ती, जिच्यात दोन्ही गोळ्या एकाच नळीतून, एकाच दिवशी, एकाच यंत्रासमोर आलटून पालटून झाडल्या जातात. येथे हवेची, यंत्राची आणि अंतराची चूक दोघींना सारखीच लागते आणि गुणोत्तरात ती बव्हंशी कटून जाते. दोन पारड्यांचा तराजू पुण्यात आणि पन्हाळ्यावर सारखाच न्याय देतो, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांना सारखेच ओढते. स्प्रिंगच्या काट्याला मात्र जागा बदलली की नव्याने पारखावे लागते. निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या ठिकाणी मोजून छापलेले आकडे शेजारी शेजारी ठेवणे म्हणजे न पारखलेल्या दोन स्प्रिंगकाट्यांवरची वजने ताडून पाहणे होय.

लष्करी दारूगोळ्याच्या व्यवहारात या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. कारखान्यात काडतुसे 'लॉट'ने बनतात आणि प्रत्येक लॉट 'प्रूफ'साठी जातो. तेथे वेग, दाब आणि अचूकता यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात. लॉट त्यांत बसला तर स्वीकारायचा, नाही तर नाकारायचा. जाहिरातीतील आकड्याला तेथे स्थान नाही. महाराष्ट्राने ज्या नेमबाजीत नाव कमावले तेथेही हेच दिसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविले. ५० मीटरच्या या खेळात .२२ च्या काडतुसांची निवड गुणांक पाहून होत नाही. निरनिराळ्या लॉटमधील काडतुसे खेळाडूच्या स्वतःच्या नळीतून झाडून, ज्या लॉटच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात तो लॉट निवडण्याची रीत या खेळात सर्वमान्य आहे. अर्थात ५० मीटरवर रोधाचा प्रश्न १००० यार्डांइतका गंभीर नसतो. परंतु छापील आकड्याऐवजी प्रत्यक्ष पुराव्यावर विसंबण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

रडारच्या आगमनाने आणखी एक पेच निर्माण केला आहे. लापुआसारख्या कंपनीने आपल्या गोळ्यांच्या रडारने मोजलेल्या रोधरेषा खुल्या केल्या. परंतु अनेक रोधरेषा आज संगणकीय आज्ञावलीत बंदिस्त स्वरूपात विकल्या जातात. वापरणाऱ्याला उत्तर मिळते, रेषा दिसत नाही. जुन्या गुणांकाचा दोष असा की तो फार थोडे सांगत असे. तरी जे सांगे ते कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येई. नवी रेषा पुष्कळ सांगते, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अचूकता वाढली आणि पडताळणी घटली. विज्ञानाच्या दृष्टीने हा सौदा निर्मळ म्हणता येणार नाही. सर्वसामान्य नागरिकाला दूर पल्ल्याची रायफल आणि मैदान सहज उपलब्ध नसलेल्या आपल्या देशात तर खुल्या माहितीचे मोल अधिकच आहे. येथे स्वतंत्र पडताळणी सार्वजनिक संस्थाच करू शकतात.

७. समारोप आणि निष्कर्ष :

वरील चिकित्सेतून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) क्षेपणगुणांक हा गोळीचा अंगभूत गुणधर्म नसून गोळी आणि एक काल्पनिक प्रमाण गोळी यांच्यातील संबंध आहे. प्रमाण गोळीचे नाव न सांगता दिलेला गुणांक अर्थहीन आहे.

२) लांब नाकाच्या आणि निमुळत्या शेपटीच्या गोळ्यांसाठी जी-७ हा आधार जी-१ पेक्षा न्याय्य आहे, परंतु ध्वनिवेगाच्या आसपास तोही अपुरा पडतो. तेथे संपूर्ण रोधरेषाच हवी.

३) आखूड अंतरावर दोन वेग मोजून काढलेल्या गुणांकात कित्येक टक्क्यांची चूक संभवते. अशा आकड्याला तिसरे दशांश स्थळ देऊ नये.

४) प्रत्येक आकड्याबरोबर वेगाचा टप्पा, गृहीत वातावरण, नळीतील आट्यांची गिरकी, मापनाची पद्धत, झाडलेल्या गोळ्यांची संख्या आणि आकड्यांचे विचरण या सहा गोष्टी दिल्या गेल्या पाहिजेत.

५) दोन गोळ्यांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निर्णय छापील तक्त्यांवरून न करता एकाच परिस्थितीतील आलटून पालटून केलेल्या चाचणीवरून व्हावा.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या विषयाचे मोल केवळ शस्त्रविद्येपुरते नाही. यासाठी बंदुकीची गरजही नाही. कागदाचे निरनिराळ्या वजनांचे सारख्या आकाराचे शंकू जिन्याच्या वरच्या मजल्यावरून सोडून, त्यांचे पतन मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून रोधगुणांक काढण्याचा प्रयोग पदवीच्या पहिल्या वर्षाला सहज करता येतो. दोन वर्गांनी तोच प्रयोग निरनिराळ्या ऋतूंत करून आपले आकडे ताडून पाहिले, तर चुकांचा प्रसार म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानाहून अधिक चांगले उमगेल.

त्यापलीकडे, एका आकड्यात गुणवत्ता बसविण्याचा मोह शिक्षणक्षेत्रालाही अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांसाठी आणलेला शैक्षणिक कामगिरी निर्देशांक असो, नियतकालिकांचा प्रभावांक असो किंवा महाविद्यालयांचे श्रेणीगुण असोत, त्यांबाबतही हेच प्रश्न विचारावे लागतात. प्रमाण कोणते धरले? परिस्थिती कोणती होती? चूक किती संभवते? आणि तुलना एकाच तराजूत झाली की निरनिराळ्या? गोळीचा आकडा चुकला तर ती लक्ष्याच्या फूटभर खाली लागते आणि चूक लगेच उघडी पडते. माणसांच्या आणि संस्थांच्या आकड्यांना असे लक्ष्यफलक समोर नसते. म्हणून त्यांची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी.